भृंगराजाने उचललेला आवाज

जंगलातल्या त्या अभ्यासकेंद्रात खऱ्या नावाने कुणालाच हाक मारत नसत. जीप चालवणारा तो 'बॅटरी', कारण जीपची बॅटरी कायम उतरलेली. कानांवर सदान्‌कदा हेडफोन लावून बसणारी तरुण संशोधक ती 'कानवाली'. आणि वडील, जाऊन दीड महिना झाला तरी, 'मास्तर'. त्यामुळे लेक जीपमधून उतरली तेव्हा तिचं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. "मास्तरांची लेक आली," एवढं आतवर गेलं आणि चहाचं आधण ठेवलं गेलं.

ती वडिलांची खोली रिकामी करायला आली होती. रीतसर पाहिलं तर हे काम आईचं. पण आईने हात झटकले होते. "त्या जंगलाचं तोंड बघायचं नाही मला. सवतीसारखं जन्मभर उरावर बसलं. तुला जायचं तर जा, नाहीतर त्यांना म्हणावं, द्या टाकून."

आईचं हे बोलणं लेकीला पाठ होतं. जंगल म्हणजे सवत, दुर्बीण म्हणजे सवतीचा दागिना, आणि वडिलांचं काम म्हणजे 'काळ्यातून काळं निवडणं'. हा टोमणा मात्र अगदीच खोटा नव्हता. त्या जंगलात काळ्या रंगाचे, दुभंगलेल्या शेपटीचे, एकमेकांचे चुलतभाऊ शोभतील असे चार-पाच पक्षी होते आणि नवख्याला ते सगळे सारखेच दिसत. त्यातला भृंगराज ओळखायला सर्वांत सोपा, असं पुस्तकं म्हणत. त्याच्या शेपटीतून दोन लांब तारा निघतात, तारांच्या टोकाला चमच्याएवढी पिसं, आणि तो उडतो तेव्हा दोन भुंगे हात धुऊन मागे लागल्यासारखे दिसतात. पण पिसं गळायच्या दिवसांत तारा झडतात आणि राजाचा साधा शिपाई होतो. मग भलेभले फसतात. वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं या फसगतीवर खर्च केली. "शेपटीवर जाऊ नका, कपाळ बघा," असं ते येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत. भृंगराजाच्या कपाळावर मागे वळलेला एक तुरा असतो. तो गळत नाही. म्हणून ते मास्तर.

लेकीला हे सगळं ठाऊक होतं ते वाचून. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती, आणि वडिलांनी लिहिलेलं काहीही तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कपाटात लागत नसे. वाचायची ती, बोलायची मात्र नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी जे झालं त्यानंतर बापलेकीत 'पाणी आलं का' आणि 'फोन आहे तुमचा' यापलीकडे फारसं बोलणं उरलं नव्हतं. आईची बाजू घ्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं, ती तिने घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. वडील गेले तेव्हा लोक रडले, आई रडली. ती रडली नाही. आतून कोसळायला होत होतं, पण एका गोष्टीच्या आधाराने ती ताठ उभी होती: आपण त्यांच्याशी कठोर वागलो असू, अन्यायाने वागलो नाही. एवढाच तो आधार. त्याला हात लावू दे, असं कुणी म्हटलं असतं तरी तिने लावू दिला नसता.

खोली लहान होती. पलंग, टेबल, खिडकीला जाळी, दाराशी चिखलाचे बूट. कपडे, चष्मे, दोन दुर्बिणी, बुरशी लागलेला कॅमेरा. बापाची खोली आवरायला किती वेळ लागतो, असं म्हणत ती आली होती आणि दुपारच्या आत सगळं दोन पेट्यांत बसलं याचं तिला वाईट वाटलं.

संध्याकाळी कानवाली दारात येऊन उभी राहिली. हेडफोन गळ्यात, एक पाय दुसऱ्या पायावर.

"ताई, उद्या सकाळी माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत याल? एक ऐकवायचंय."

"काय?"

"इथे नाही. तिथे ऐकलं की कळेल. मी किती दिवस वाट बघत्येय तुमची. म्हणजे, वाट बघणं म्हणजे..." ती गडबडली. "मास्तर गेले म्हणून तुम्ही येणार, अशी नाही."

"कळलं," लेक म्हणाली. "बूट आहेत का कुणाचे जास्तीचे?"

सकाळी उजाडता उजाडता दोघी निघाल्या. "मोजे पँटवरून ओढून घ्या, ताई. जळवांना नवं माणूस आवडतं," कानवालीने सांगितलं आणि पुढे चालत राहिली. झाडांत अजून अंधार होता. वाट उतरणीची, पानांनी निसरडी झालेली. वर कुठेतरी एक आवाज सुरू झाला, मग दुसरा, मग दहा. कोंबड्यासारखं काहीतरी, मग पोपटासारखं, मग गंजलेल्या बिजागरीची करकर.

"किती पक्षी आहेत हे?" लेकीने विचारलं.

"एकच." कानवाली खूश झाली. "हाच तो. आपला असा आवाज त्याला थोडाच आहे. बाकी सगळा उचललेला. गरुडाची किंकाळी, खारीची चिडचिड, सुतारपक्ष्याची ठकठक. कशासाठी उचलतो त्यावर मारामाऱ्या चालतात आमच्यात. एक मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. लहान पक्ष्यांचे थवे किडे टिपत फिरतात, हा त्यांच्याबरोबर राखणदार म्हणून फिरतो. ससाणा आला की पहिली हाक याची. त्या पक्ष्यांच्याच भाषेत. म्हणून ते याला सोबत ठेवतात. आणि कुणी चोचीत मोठा किडा धरला, की हा हाक मारतो, ससाणा नसला तरी. तो बिचारा किडा टाकून पळतो."

"आणि किडा हा खातो."

"राखणदारही तोच, चोरही तोच. मास्तरांचं वाक्य आहे हे."

लेक निसरड्या पानांवर जपून पाऊल टाकत राहिली. वडिलांचं वाक्य परक्याच्या तोंडून ऐकायची तिला अजून सवय नव्हती.

ओढ्याकाठी एका आडव्या फांदीच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं टांगल्यासारखं होतं. दोघी खाली दगडावर बसल्या. उजेड आला तसा तोही दिसला: काळा, पण उन्हाच्या तिरिपेत निळसर. एक तार शाबूत, एक झडलेली. लेकीने नकळत आधी कपाळ पाहिलं. तुरा होता.

बराच वेळ त्याने इकडचं तिकडचं गायलं. मग मान आखडून एक शीळ घातली: दोन सूर खाली, तिसरा वर, जरा लांबवलेला.

लेकीचे हात थांबले. ती मोज्यावरची जळू झटकत होती.

ती शीळ तिची होती. गल्लीत खेळत असताना संध्याकाळी घराच्या पायरीवरून वडील ही शीळ घालत, आणि सगळ्या पोरांत तिलाच कळे की आता पुरे, घरी चला. तिला स्वतःला शीळ कधी जमली नाही. ती दोनदा टाळी वाजवून उत्तर द्यायची.

"मास्तर असेच बोलवायचे त्याला," कानवाली कुजबुजली. "आता पुढचं ऐका."

पक्ष्याने क्षणभर थांबून तीच शीळ पुन्हा घातली, पण निराळ्या आवाजात. जास्त बारीक, जास्त हवेची. दोन सूर नीट उतरले आणि तिसरा चढता चढता फाटला.

कानवाली हसतमुखाने तिच्याकडे बघत होती. "उत्तर. कायम याच क्रमाने. हाक आणि उत्तर. ही तुमची ना, ताई? लहानपणी येत असाल तुम्ही. मला मास्तरांना विचारायचं होतं, पण ते आजारी पडले. आणि गंमत म्हणजे हा पक्षी गेल्या वर्षीचा आहे, पायात त्या वर्षीचं कडं बघा. याने तुम्हाला ऐकलेलंच नाही. बापाकडून शिकला असणार, किंवा शेजाऱ्याकडून. म्हणजे तुमचा आवाज या जंगलात पक्ष्यांनीच राखलाय. माझ्या कामात हे फार मोठं आहे. मूळ आवाज कुणाचा ते कळलं, की..."

"मी इथे कधीच आले नाही," लेक म्हणाली.

कानवालीचा हात हेडफोनकडे गेला आणि तिथेच राहिला.

"लहानपणीसुद्धा?"

"कधीच नाही. मुलांना आणायची परवानगी नाही, असं सांगितलं होतं मला. आणि मला शीळ घालता येत नाही."

दोघी परत निघाल्या. वाट आता चढणीची होती. कानवालीला आपण काय करून बसलो ते उमगलं होतं. कान लालबुंद झाले होते. लेक मात्र विचित्र शांत होती. तिने कादंबऱ्या काही कमी वाचल्या नव्हत्या. दूर रानात काम करणारा पुरुष, वर्षातले कित्येक महिने एकटा, आणि त्याच्या शिळेला उत्तर देणारी कुणीतरी बाई: ही गोष्ट तिने इतक्या वेळा वाचली होती की तिला पुढचं पानही ठाऊक होतं. आता कुठेतरी एक घर निघेल, घरात एक फोटो. तिने मनातल्या मनात तयारी सुरू केली. आपण आवाज चढवायचा नाही. त्या बाईला 'तुम्ही' म्हणायचं. आणि आईला यातलं अवाक्षर कळू द्यायचं नाही. बिचारीला एक सवत पुरे झाली.

सगळ्यात आत, जिथे माणूस स्वतःलाही डोकावू देत नाही, तिथे तिला थोडं हायसं वाटलं. म्हणजे आपण बरोबरच होतो.

चहा घेऊन ती कानवालीच्या खोलीत गेली. तिथे भिंतीभर तारा आणि डबे.

"तो आवाज पुन्हा ऐकव. सावकाश करून ऐकवता येतो ना?"

"ताई, राहू दे ना. मी उगाच..."

"ऐकव."

कानवालीने ऐकवला. सावकाश केल्यावर हाक घोगरी झाली आणि उत्तर अगदी माणसाचं. बाईचं. तिसरा सूर फाटला आणि आवाज कापल्यासारखा थांबला.

"यापुढे काय आहे?"

"पुढे दुसरा आवाज सुरू होतो. खारीचा. भ्यालेल्या खारीची चकचक असते तशी. म्हणून मी तो वेगळा काढून ठेवलाय. आम्ही असंच करतो, प्रत्येक नक्कल तोडायची आणि तिच्या मालकाच्या खात्यात टाकायची."

"दर वेळी तीच खार? या शिळेनंतर?"

कानवाली तिच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन तुकडे शोधले, जोडले आणि लावले.

शीळ फाटली. मग नाकातून दोन छोटे फुसकारे, मग आत ओढलेला श्वास आणि त्या श्वासावर अडखळत आलेलं हसू. भ्यालेली खार नव्हती ती. शीळ फसल्यावर स्वतःलाच हसणारी बाई होती.

लेकीने ते हसू ओळखलं. ओळखायला थोडा वेळ लागला, कारण घरात ते फार क्वचित ऐकू यायचं: आत्या आली की, किंवा ती खूप लहान असताना, न्हाऊ घालताना. ती खुर्चीत बसली होती तशीच बसून राहिली. कानवालीने पाणी पुढे केलं. तिने ते हातात घेतलं आणि प्यायली नाही.

"ओळखीच्या आहेत?" कानवालीने हळूच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "आई आहे माझी."

दर वर्षी उन्हाळा तापायला लागला की आई पंधरा दिवस माहेरी जायची. नेमकी लेकीची परीक्षा असायची, म्हणून आत्या राहायला यायची. आजीची तब्येत, मामाचं घरकाम, कारणं बदलायची, दिवस बदलायचे नाहीत. आजी गेल्यावरही माहेर सुटलं नाही. लेक कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी आई पंधरा दिवस माहेरी. गुडघे गेले तेव्हाच ते थांबलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी भृंगराज घरटी बांधतात. हे लेकीने वडिलांच्याच लिखाणात वाचलं होतं आणि स्वतःच्या हाताने कपाटात लावलं होतं.

परतीच्या बसमध्ये दोन पेट्या पायाशी घेऊन ती बसली, आणि ज्या आधारावर उभी होती तो खालून सरकत गेला. आईचं ऑपरेशन. वडील जंगलात. निरोप पोचूनही ते आले तिसऱ्या दिवशी, बुटांना चिखल तसाच. वॉर्डच्या दारात ती आडवी उभी राहिली होती. "आता इथे तुमचं काही काम नाही. आमचं आम्ही निभावलंय." त्यांनी तिच्या खांद्यावरून आत पलंगाकडे पाहिलं होतं. आईचं तोंड भिंतीकडे होतं. मग ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. रागावले नाहीत, समजावलं नाही, एक शब्द स्वतःच्या बाजूने बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याला ती इतकी वर्षं कबुली समजत आली होती.

आणि गेल्या वर्षी, दुखणं अजून कळलेलं नसताना, जेवताना ते एकदम म्हणाले होते, "येतेस का या वेळी माझ्याबरोबर? नियम आता बदललेत." तिने ताटातून मान वर न करता सांगितलं होतं, "आईला विचारा, तिला काय वाटतं ते." त्यांनी आईकडे पाहिलं होतं. आई उठून पाणी आणायला गेली होती.

घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात ओट्याशी उंच स्टुलावर बसून मटार सोलत होती. दिवस कलला होता.

"आलीस? केवढ्या पेट्या त्या. म्हटलं होतं ना, द्या टाकून म्हणून सांग. काय दिवे लावलेत तिथे? जुने मोजे नि..."

"आई, तू तिथे जायचीस."

आईचा अंगठा शेंगेत थांबला.

"कोण म्हणालं?"

"माणसांपैकी कुणी नाही."

तिने सगळं सांगितलं. ओढा, घरटं, हाक, उत्तर, शेवटचं हसू. आवाज चढवला नाही. तो निश्चय तरी कामी आला. आई ऐकताना मटारच्या दाण्यांकडे बघत होती. हसण्याचं आलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की लेकीला नजर वळवावी लागली. ते दुःख नव्हतं. लाज तर नव्हतीच.

"अजून म्हणतात ती पाखरं?" आईने विचारलं. "तसंच?"

"तसंच. पोरीच्या जातीला शीळ शोभत नाही म्हणायचीस मला."

"तुला येत नव्हती. तू रडायचीस जमत नाही म्हणून. मग काहीतरी सांगावं लागतं पोराला."

"आणि माहेर?"

"पहिल्या वर्षी खरंच नियम होता. घरच्यांना आणायचं नाही. यांनी मला चोरून नेलं, स्वयंपाकीण म्हणून." आईच्या नाकातून एक फुसकारा निघाला आणि तिने तो आवरला. "मग नियम सुटला, पण सवय राहिली. आत्याला ठाऊक होतं. आजीलाही."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"तू हट्ट धरला असतास. आणि तू आली असतीस तर मी तिथेही आईच झाले असते. पाणी पिऊ नको, उन्हात जाऊ नको. वर्षभर तेच करत होते की. ते पंधरा दिवस मी कुणाची कुणी नव्हते, बाई. भांडं घासायचं नाही. सकाळी उठायचं नि त्यांच्या मागून चालायचं. ते पुढे जाऊन शीळ घालायचे, मी मागून उत्तर द्यायचे. हरवू नये म्हणून."

"आणि उरलेलं वर्ष इथे बसून रडायचीस. सवत, सवत करत. माझ्यासमोर."

"ते काय खोटं होतं? साडेअकरा महिने हे घर एकटीने ओढलं मी. त्याचं रडायचे. दोन्ही खरं होतं."

"मला तू एकच सांगितलंस."

आईने शेंग उचलली, सोलली नाही.

"ऑपरेशनच्या वेळी," लेक म्हणाली, "ते तिसऱ्या दिवशी आले."

"हं."

"का?"

आईने हातातली शेंग ताटात ठेवली. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"मीच सांगितलं होतं येऊ नका म्हणून. फोनवर. मोठं काही नव्हतं, डॉक्टर म्हणाले होते. आणि ते घरटं आम्ही दोघांनी मिळून शोधलेलं, पिल्लं दोन दिवसांत उडणार होती. मी म्हटलं, कुणीतरी बघायला हवं. उडाली की या."

"आणि मी त्यांना दारात अडवलं तेव्हा?"

"माझी भूल उतरत होती."

"तिसऱ्या दिवशी?"

आईने ताट बाजूला सारलं. दोन दाणे घरंगळत ओट्याच्या कडेपर्यंत गेले.

"तू काय म्हणालीस ते मी ऐकलं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं, घरी गेले की सांगेन. घरी आले तर तू माझी उशी नीट करत होतीस, औषध देत होतीस, त्यांच्याशी बोलत नव्हतीस. माझ्यासाठी. माझ्या बाजूने आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं गं. ना सासरी, ना माहेरी. ते सोडवेना मला. म्हटलं, आठ दिवस. मग महिना. मग कसं सांगायचं तेच कळेना."

"आणि ते? ते का गप्प राहिले?"

"त्यांनी विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. सांगू का तिला, म्हणून. मी नको म्हटलं." आई थांबली. "ते म्हणाले, ठीक आहे, तुला एक माणूस हवं असेल तर घे."

लेक भिंतीला टेकून उभी होती. भिंत गार होती. इतका वेळ ती आईवर चिडली होती आणि ते सोपं होतं. आता तिला दिसलं की तिला मधे ठेवून या दोघांनी एक व्यवहार केला होता, आणि व्यवहारात दिली गेलेली वस्तू ती होती. वडिलांनी दिली, आईने घेतली. दोघंही तिच्यावर प्रेम करत होती, यात तिला शंका नव्हती. त्याने काही फरक पडत नव्हता.

"मी काय गमावलं ते कळतंय का तुला?" तिने विचारलं.

"कळतंय."

"नाही कळत. तुझ्याकडे पंधरा दिवस होते. दर वर्षी."

आईने मान खाली घातली. मग हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसत ती हळूहळू सांगू लागली, जणू तेवढंच देण्यासारखं हाताशी होतं: तिथे ते केवढे बडबडे असत, चालता चालता कशी नाटकं करत, एकदा माकडाने टोपी पळवली तेव्हा झाडाखाली उभं राहून त्याच्याशी कायद्याने कसे भांडले. लेकीने असा माणूस पाहिला नव्हता. तिला माहीत असलेले वडील जेवून उठताना खुर्चीचा आवाज होऊ देत नसत. तिला ते ऐकवत नव्हतं, आणि थांब म्हणवतही नव्हतं, कारण आता हे सांगणारी जगात ही एकच बाई उरली होती.

आईचं सांगून संपलं. खोलीत बरंच अंधारलं होतं. लेकीने दिवा लावला.

"एकदा घेऊन चल मला," आई म्हणाली. "ओढ्यापर्यंत नाही जमलं तरी व्हरांड्यात बसेन. पहाटे तिथवर ऐकू येतं. आपण दोघी जाऊ."

'आपण दोघी जाऊ' एवढं ऐकायला लेक लहानपणी परीक्षेची पुस्तकं समोर धरून किती वर्षं बसली होती.

"तू जा," ती म्हणाली. "माहेरी जाते असं सांगायची आता गरज नाही."

"आणि तू?"

"माझ्या ओळखीचं तिथे कुणी नाही."

आई पुढे काहीतरी म्हणाली, पण लेक तोवर फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली होती. पलीकडून बॅटरीने उचलला. तिने सांगितलं की आईला थोडे दिवस यायचंय, गुडघे दुखतात, तेव्हा उंच खुर्ची लागेल, खोली खालच्या मजल्यावरची बघा, आणि जीप अगदी दाराशी आणा, तिला चढाव चढवणार नाही. चहात साखर कमी. रात्री एक गोळी असते, ती मी बांधून देईन, पण आठवण करावी लागते.

"करतो की," बॅटरी म्हणाला. "तुम्ही सोबत असालच ना, ताई? दोन खाटा टाकायला सांगू?"

"एकच टाका," ती म्हणाली. "एकटीच येईल ती."